गुडघा काय म्हणतोय?

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या मागवाल्यांच्या गल्लीत पंचांगं दोन घरांत होती, पण पांजणीच्या सकाळी ती कुणी उघडत नसे. त्या सकाळी गल्ली विचारायची ती पार्वतम्माच्या डाव्या गुडघ्याला.

परक्याला हे ऐकून हसू यायचं. पण परक्याचं सूत थोडंच भिजणार असतं! लुगडं विणायचं तर आधी त्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, खळ पाजून ताठ करावा लागतो. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ शिजवायची, तांबडं फुटताना ताणा गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या तिकाटण्यांवर ताणायचा आणि दोन्ही अंगांनी आठ-दहा माणसांनी मोठाले कुंचे घेऊन खळ सुतात जिरवत तो वाळवून घ्यायचा. हीच पांजण. एकट्याचं हे काम नव्हे. आज तुझ्या पांजणीला मी, उद्या माझ्या पांजणीला तू, असा गल्लीचा रिवाज. आणि खळ ओली असताना वरून पाऊस आला की संपलंच. धाग्याला धागा चिकटतो आणि महिनाभराच्या कामाचं नुसतं दोरखंड होतं.

म्हणून ज्याची पांजण असेल तो खळ चुलीवर चढवायच्या आधी पार्वतम्माच्या पायरीशी येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "अव्वा, गुडघा काय म्हणतोय?" पार्वतम्माची उत्तरं दोनच. "गप हाय" म्हणाली की ताणा बाहेर यायचा. "बोलतोय" म्हणाली की माणूस गुमान घरी जायचा, आणि मग दिवसभर लख्ख ऊन पडलं तरी कुणी तिला बोल लावत नसे.

हा गुडघा तिनं फुकट मिळवला नव्हता. बावीस वर्षांपूर्वी नवरा शिवशरण पटकीत गेला तेव्हा तिचा मल्लिकार्जुन पाच वर्षांचा होता. बाईनं कांड्या भराव्यात, रहाट फिरवावा, मागावर बसावं ते पुरुषानं, अशी तेव्हाची रीत. पार्वतम्मा महिना उलटायच्या आत नवऱ्याच्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली. गल्लीनं तोंडाला येईल ते बोलून घेतलं. तिनं ते ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं आणि धोटा फेकत राहिली. मागाचा खड्डा बाराही महिने ओलसर ठेवावा लागतो, कारण दमट हवेत सूत तुटत नाही. सुताला मानवतं ते हाडाला मानवत नाही. बारा वर्षं त्या ओलीत पाय चालवून तिनं पोरगा मोठा केला आणि सांधा घालवला.

तिच्या गुडघ्याचा लौकिक झाला तो ती मागावर असतानाच. एका स्वच्छ सकाळी खड्ड्यातून उठता उठता ती कळवळली आणि दारासमोर पांजण मांडणाऱ्या सिद्धलिंगप्पाला म्हणाली, आज नको मांडूस, गुडघा ठणकतोय म्हणजे पाणी येणार. तो हसला. तासाभरात पाऊस आला तो गारा घेऊनच, आणि सिद्धलिंगप्पाचा ताणा चिखलात गेला. पुढच्या पांजणीला तो आधी विचारायला आला आणि त्याच्यामागोमाग एकेक करत सगळी गल्ली. ज्या तोंडांनी तिला नावं ठेवली होती त्याच तोंडांनी तिला अव्वा, म्हणजे आई म्हटलं. पांजण उरकली की मदतीला आलेल्यांसाठी चुरमुऱ्याचा सुसला व्हायचा, त्यातली पहिली ताटली पार्वतम्माकडे जायची. त्या सुसल्याची चव तिला कशी लागत असेल ते ज्यानं कधी अपमान गिळले असतील त्यालाच कळेल.

अशी चौदा वर्षं गेली. पोरगा गिरणीत लागला, सून सावित्रम्मा घरात आली, माग मोडून त्याच्या खड्ड्यावर फरशी पडली. पण पांजणीच्या सकाळी पायरीशी माणूस यायचा थांबला नाही.

आणि आता दोन वर्षं झाली, गुडघा रोजच बोलत होता.

आधी चैत्रात दुखायला लागला, तेव्हा तिला वाटलं वळीव येणार. वळीव काही आला नाही. मग वैशाखाच्या ऐन उन्हात दुखला, दसऱ्याला दुखला, कोरड्या ठाक थंडीत दुखला. हळूहळू उजवाही त्याच्या सोबतीला आला. आभाळ भरलं की जास्त ठणकायचा हे खरं, पण रोजच्या ठणक्यातून आभाळाचा ठणका वेगळा कसा काढावा? भरल्या बाजारात एकाचा आवाज ओळखायचा तशातली गत. पार्वतम्मानं हे कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पायरीशी माणूस आला की ती मिठाच्या बरणीत बोट घालून मीठ ओलावलंय का पाही, वाऱ्याची दिशा बघे आणि देवाचं नाव घेऊन ठोकून देई, "गप हाय." तिचं खरंही ठरे. त्यात नवल नव्हतं. सोलापुरात पाऊस पडणार नाही असं सांगणाऱ्याचं भाकीत वर्षातले तीनशे दिवस खरंच ठरायचं.

घरात मात्र लपवून लपत नव्हतं. सावित्रम्मा रोज संध्याकाळी वीट तापवून फडक्यात गुंडाळून सासूच्या गुडघ्याला लावायची, निर्गुडीचा पाला बांधायची. धर्मार्थ दवाखान्यात एक नवा डॉक्टर आलाय, त्याचा हात चांगला आहे, असं तिनं कितीदा सुचवून पाहिलं. म्हातारी ऐकायची नाही. तिचं गणित तिच्यापुरतं सरळ होतं. दवाखान्यात गेलं की गल्लीत बोभाटा होणार, बोभाटा झाला की गुडघा रोजचाच दुखतो हे उघड होणार, आणि ज्याला पावसातलं नि उन्हातलं कळत नाही त्या गुडघ्याला विचारायला कोण येईल? मग ती कोण उरणार? गिरणीवाल्या मल्लिकार्जुनाची म्हातारी आई, कोपऱ्यात पडून असलेली. याची तिला दुखण्याहून जास्त भीती वाटायची.

त्या साली मार्गशीर्षात चार दिवस आभाळ येऊन जाऊन होतं. शेजारचा चनबसप्पा घायकुतीला आला होता. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा, तोवर आठ लुगडी विणून द्यायचा त्यानं पेठेतल्या दुकानदाराला शब्द दिलेला. त्याच लुगड्यांवर त्याच्या थोरल्या मुलीचं, विजयमालाचं लग्न उभं राहायचं होतं. त्या आठवड्यात तो दोनदा पायरीशी आला आणि पार्वतम्मानं दोनदा त्याला "बोलतोय" म्हणून परत पाठवलं. दोन्ही दिवस टिपूसही पडला नाही. जाताना त्याची मान खाली होती ती तिनं पाहिली.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा गिरणीचा पहिला भोंगा नुकताच झाला होता. आदली सगळी रात्र पार्वतम्मानं गुडघा कवटाळून काढली होती. असा ठणका तिला वर्षभरात आठवत नव्हता. हा पावसाचा की नुसत्या थंडीचा, काही केल्या उमगत नव्हतं. मीठ ओलं होतं, पण ते चार दिवस ओलंच होतं. वर बघावं तर आभाळ निवळलेलं. चनबसप्पा हात बांधून उभा होता. परत "बोलतोय" म्हणावं तर याची लुगडी राहतात, नि आजही कोरडंच गेलं तर हा मनात काय म्हणेल?

"गप हाय," ती म्हणाली.

ताणा ताणून झाला, खळ फिरली, कुंचे चालू झाले. ऊन जेमतेम कौलांवर आलं आणि कुंभारी गावाच्या बाजूनं काळं आभाळ असं भराभर चढून आलं की माणसांना वर बघायलाही फावलं नाही. पाऊस फार नव्हता, पाव घटकेचा, पण जिथं पडायचा तिथंच पडला. पोती, घोंगड्या, धोतरं, मिळेल ते टाकून लोक ताणा झाकत होते, तिकाटणी उपसत होते, चनबसप्पाची बायको अक्कम्मा स्वतःचा पदर सुतावर धरून भिजत उभी होती. पार्वतम्मा दाराची चौकट धरून बघत राहिली. तिला पायरीसुद्धा उतरता येत नव्हती.

चिकटून लगदा झालेला ताणा चौघांनी उचलून चनबसप्पाच्या घरात नेला. दुपारी अक्कम्मानं सुसल्याची ताटली पाठवली, रिवाजाप्रमाणे. त्या ताटलीनं म्हातारीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. तिनं ती तशीच झाकून ठेवली आणि संध्याकाळी गाईला घातली.

तीन दिवस ती दाराशी आली नाही. कुणी विचारलं तर निजलेय म्हणून सांग, असं तिनं सुनेला बजावलं होतं. जेवण दोन घासांवर आलं. मल्लिकार्जुन गिरणीतून आला की आईपाशी बसून विचारायचा, ती भिंतीकडे तोंड करायची. चौथ्या दिवशी दुपारी सावित्रम्मा पाणी भरून आली आणि सहज म्हणून गेली की उद्या सिद्धलिंगप्पाकडची पांजण आहे, पहाटेच येईल विचारायला.

पार्वतम्मा उठून बसली. उद्या तो येणार, हात बांधून उभा राहणार, आणि ती काय सांगणार? एकाचं वाटोळं केलं, आता दुसऱ्याचं? तिनं काठी मागितली.

"अत्ती, कुटं निघालासा?" सून घाबरली.

"चनबसूकडं. तू येऊ नगंस."

दोन घरांमध्ये तीस पावलांचं अंतर होतं. तेवढ्यासाठी तिला तीनदा थांबावं लागलं. वर्षभरात ती आपल्या पायरीच्या खाली उतरली नव्हती. चनबसप्पाच्या पडवीत ताणा अंथरलेला होता आणि नवरा-बायको समोरासमोर बसून कोमट पाण्याचा हात लावत एकेक धागा सोडवत होती. म्हातारीला दारात बघून अक्कम्मा धावली, हाताला धरून तिला आत घेतलं आणि खांबाला टेकवून बसवलं.

बसल्यावर पार्वतम्मानं सगळं सांगून टाकलं. काही हातचं राखलं नाही. दोन वर्षांपासून गुडघा रोजच दुखतोय, पावसाचं त्याला काही कळत नाही, ती मिठात बोट घालून अंदाजानं सांगत होती, त्या दिवशीही अंदाजच होता. तुझं नुकसान मी केलं, म्हणाली. तुझ्या पोरीचं लगीन माझ्या तोंडच्या एका शब्दानं अडलं, म्हणाली. बोलताना ती ताण्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही.

चनबसप्पानं हातातला धागा सोडवून होईपर्यंत मान वर केली नाही. मग धोतराला हात पुसले.

"मला ठावं हुतं, अव्वा," तो म्हणाला.

म्हातारीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"गेल्या साली चैत्रात तू दोनी हातांनी चौकट धरून उठताना बगितली की म्या. चैत्रात दुखनारा गुडघा पावसाचं काय सांगनार? तवापास्नं मी गिरनीचं धुराडं बगतोय. धूर सरळ वर गेला की कोरडं, खाली लोळला की पानी. आदी दोन येळा खाली लोळला, म्हनून म्या परतलो; त्या दिवशी सरळ गेला हुता. धुराड्यानंच फशिवलं मला. तुजा काय बी दोष न्हाय."

पार्वतम्माला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चार दिवस छातीवर धोंडा घेऊन निजली होती ती. पण आधी आला तो संताप. म्हणजे दोन वर्षं ती जे जिवापाड झाकत होती ते सगळ्यांना दिसत होतं, आणि ज्या मानासाठी झाकत होती तो मान नुसता दाखवायचा होता?

"मग मला खुळ्यात काढीत हुता व्हय रं? समद्या गल्लीला म्हाईत?"

सगळ्यांना नाही, पण बहुतेकांना, असं त्यानं कबूल केलं. सिद्धलिंगप्पा मुंग्यांची वारुळं बघतो, कुणी वारा बघतो. पण विचारायला येत राहायचं असं ठरलं, ठरलं म्हणजे कुणी बोललं नाही, आपोआपच ठरलं. तू मागावर बसलीस तेव्हा माझ्या आईनंच तुला सगळ्यांत जास्त नावं ठेवली होती, अव्वा, तो म्हणाला, आणि मग चौदा वर्षं आमचं सूत तुझ्या गुडघ्यानं राखलं. गुडघा खराब झाला म्हणून दार सोडायचं का?

अक्कम्मा पदरानं डोळे पुसत होती. पार्वतम्माचा राग मात्र अजून पुरता उतरला नव्हता. तिला एक गोष्ट खुपत होती आणि ती विचारल्याशिवाय तिच्यानं राहवेना.

"रोज दुखतंय ह्ये तुला ठावं हुतं, तर मग येका दिशी तरी औशदाचं का न्हाय बोललास?"

चनबसप्पा पुन्हा धाग्याला हात घालू लागला, मग थांबला.

"तू गप हाय म्हनायचीस," तो म्हणाला. "तुजा शबुद खोटा कसा पाडायचा?"

हे ऐकून मात्र म्हातारीला हसू फुटलं. एका बाजूनं गल्ली तिचा मान राखत होती, दुसऱ्या बाजूनं ती गल्लीसमोर मान राखत होती, आणि दोघांच्या मध्ये बिचारा गुडघा दोन वर्षं ओरडत बसला होता. हसता हसता तिचे डोळे भरून आले. गुडघ्यावर हात ठेवून ती म्हणाली, "लई दुखतंय रं, चनबसू. लई दुखतंय."

इतक्या वर्षांत ही गोष्ट तिनं ताण्यासाठी, पावसासाठी, गल्लीसाठी सांगितली होती. स्वतःसाठी पहिल्यांदाच सांगितली.

चनबसप्पानं मग जास्त बोलणं केलं नाही. सकाळी टांगा सांगून ठेवतो, दवाखान्यात मीच घेऊन जातो, म्हणाला. सकाळी सिद्धलिंगप्पा विचारायला येईल की, असं तिनं सवयीनं म्हटलंच. येऊ दे, तो म्हणाला, त्याला वारुळं आहेत. ताण्याचं काय करणार, असंही तिनं विचारलं. आठातली पाच लुगडी तरी निघतील, उरलेल्यांचं सिद्धेश्वर बघेल, दुकानदाराच्या पाया पडून येतो, असं तो म्हणाला, पण त्याच्या आवाजात काळजी होती ती होतीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे पायरीशी कुणी आलं नाही. पार्वतम्मा अंथरुणावर जागी होती. भोंगा झाला, तिकाटणी रोवल्याचे आवाज आले, खळीचा वास आला, आणि तिला न विचारता गल्लीत ताणा उभा राहिला. चनबसप्पानं जाऊन सांगितलं असणार. कबूल केलं ते चांगलंच केलं, असं तिनं स्वतःला बजावलं, पण तिचे कान पायरीकडेच लागून राहिले.

उन्हं आल्यावर चनबसप्पा आला. टांगा होता, पण तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, कारण मध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा होता आणि पांजणीच्या वेळी गल्लीतून गाडी जात नाही. चालतच जावं लागणार होतं. एका हाताला सून, दुसऱ्या हाताला चनबसप्पा, अशी म्हातारी पायरी उतरली आणि ताण्याच्या कडेनं निघाली.

मधोमध सिद्धलिंगप्पा कुंचा चालवत होता. तो आता साठीचा झाला होता, मिशा पांढऱ्या. ताण्यावर खळ नुकतीच पडलेली, अशा वेळी हात थांबला तर सुतावर गाठी धरतात हे त्याला काय सांगायचं. तरी तो थांबला.

"अव्वा, गुडघा काय म्हनतोय?"

इतक्या वर्षांची सवय. पार्वतम्माच्या तोंडून "गप" एवढं निघूनही गेलं. मग तिनं तो शब्द तिथंच तोडला.

"बोलतोय," ती म्हणाली. "रोजच बोलतोय."

हा शब्द ऐकला की गल्ली पूर्वी ताणा बाहेरच काढत नसे. तिनं भीतभीत दोन्ही बाजूंच्या माणसांकडे पाहिलं. एकानंही मान वर करून आभाळाकडे बघितलं नाही. सगळे तिच्या पायांकडे बघत होते, आणि सिद्धलिंगप्पानं ओला ताणा तसाच टाकून कुंचा खाली ठेवला आणि सुनेच्या जागी येऊन म्हातारीचा हात धरला.